उसन्या सुरावटीचे ऐश्वर्य

'ऑर्गन' हा शब्द कानी पडताच मराठी माणसाच्या मनात प्रथम उभे राहते ते संगीत नाटक. रंगमंचासमोर बसलेला साथीदार, पायाखाली हलणारा भाता, पडदा वर जाण्यापूर्वीचा तो भरगच्च सूर आणि मागोमाग नांदी. हे वाद्य पाश्चात्त्य खरे, पण आपण त्याला इतके आपलेसे केले की ते परके होते हे आता आठवूनही आठवत नाही. आज मी ज्या ऑर्गनविषयी बोलणार आहे त्याचे आणि आपल्या नाटकातील ऑर्गनचे नाते दूरच्या भावकीसारखे आहे. आडनाव एक, पण संसार निराळा. आपल्या ऑर्गनमध्ये, तसेच हातपेटीत, धातूची पातळ पाती वाऱ्याने थरथरतात आणि सूर निघतो. युरोपातील चर्चमध्ये जो ऑर्गन असतो त्यात बासरीसारख्या नळ्या असतात, आणि त्या दहावीस नव्हेत, हजारांनी. पेन्सिलीहून बारीक नळ्यांपासून बत्तीस फूट उंचीच्या नळ्यांपर्यंत त्यांचा पसारा असतो. त्या सर्वांत मोठ्या नळीतून निघणाऱ्या खर्जाची कंपने सेकंदास जेमतेम सोळा भरतात. असा सूर कानाने ऐकण्यापेक्षा बाकावर ठेवलेल्या हाताला आणि पायाखालच्या फरशीतून अधिक जाणवतो. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये किंवा कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये असे वाद्य ज्यांनी पाहिले असेल त्यांना या वर्णनात अतिशयोक्ती वाटणार नाही.

आणखी एक भेद सांगितला पाहिजे. आपल्या ऑर्गनवाल्याचे पाय भाता हलविण्यात गुंतलेले असतात. चर्चच्या ऑर्गनवाल्याचे पाय स्वर वाजवितात. त्याच्या पायांशी लाकडी पट्ट्यांची एक स्वतंत्र रांग असते आणि तिच्यावर टाच व चवडा यांच्या आळीपाळीने तो खर्जाची एक संपूर्ण ओळ गातो. वारा पुरविण्याचे काम पूर्वी दुसरी माणसे करीत. भिंतीआड उभे राहून भल्यामोठ्या भात्यांवर आपला भार टाकणे हाच त्यांचा धंदा असे. हातांसाठी दोन, तीन, क्वचित चार स्वरपट्ट्या एकीवर एक रचलेल्या असतात, आणि दोन्ही बाजूंस ओढावयाच्या खुंट्या असतात. एक खुंटी ओढली की नळ्यांचा एक संच जागा होतो. कोणता बासरीच्या जातीचा, कोणता तुतारीच्या, तर कोणता नुसत्या कुजबुजीचा.

अशा वाद्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लिहिली गेलेली एक रचना आज आपणांपुढे ठेवावयाची आहे. रचनाकार फ्रान्झ लिस्ट. रचनेचे नाव जरा अवजड आहे: 'आद नोस, आद सालुतारेम उंदाम' या कोरालवरील फँटसी आणि फ्यूग. कोराल म्हणजे ख्रिस्ती मंडळीने मिळून गावयाचे संथ भजन. नावातील लॅटिन शब्दांचा अर्थ इतकाच, की आमच्याकडे या, तारणाऱ्या जलाकडे या. हे जल बाप्तिस्म्याचे. नाव ऐकून कोणासही वाटावे की हे एखादे शेकडो वर्षांचे धर्मगीत असेल. प्रत्यक्षात ही सुरावट लिस्टने हाती घेतली तेव्हा ती वर्षादोनवर्षांपलीकडची नव्हती, आणि ती चर्चमधून आलेली नसून नाटकगृहातून आलेली होती.

१६ एप्रिल १८४९ रोजी पॅरिसच्या ऑपेरात जाकोमो मायरबेअर याचा 'ल प्रोफेत', म्हणजे 'प्रेषित', हा ऑपेरा प्रथम रंगभूमीवर आला. त्या काळी मायरबेअरच्या नावाचा दबदबा असा होता की त्याचा नवा ऑपेरा ही सबंध युरोपची घटना ठरे. गोठलेल्या तळ्यावर घसरत जाणारे लोक दाखविण्यासाठी नर्तकांच्या पायांना चाके बांधली होती आणि रंगमंचावरील सूर्योदय विजेच्या दिव्याने घडविला होता. कथा सोळाव्या शतकातील, म्युन्स्टर शहरातील बंडाची. बालपणीचा बाप्तिस्मा खोटा, मोठेपणी पुन्हा घेतला पाहिजे, असे मानणाऱ्या पंथाने १५३४ साली ते शहर ताब्यात घेतले आणि पुढच्या वर्षी ते बंड चिरडले गेले. ऑपेराच्या पहिल्या अंकात या पंथाचे तीन काळ्या वेषातील प्रचारक गांजलेल्या कुळांपुढे येऊन उभे राहतात आणि संथ, गंभीर आवाजात त्यांना हाक देतात. तीच ही सुरावट. ती मायरबेअरने स्वतः रचलेली आहे, जुन्या भजनाचा नुसता वेष तिला चढविला आहे. तिच्यात कोमल गंधार व कोमल धैवत यांची उदास छाया आहे, चाल जड पावलांची आहे, आणि ऐकताना अंगावर किंचित शहारा येतो. शहारा येण्याचे कारणही आहे. हे तिघे साधू नव्हेत, ढोंगी आहेत. एका साध्याभोळ्या खाणावळवाल्याला ते प्रेषित बनवितात, त्याच्या नावावर राज्य करतात आणि वेळ येताच त्याला विकावयास निघतात. म्हणजे मायरबेअरने लिहिले ते भक्तीचे गीत नव्हे, भक्तीचा मुखवटा घातलेले गीत आहे.

लिस्ट त्या वेळी चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. पियानोचा जादूगार म्हणून त्याने सारा युरोप पालथा घातला होता, आणि १८४७ साली वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी पैसे घेऊन जलसे करणे कायमचे सोडले होते. पुढील वर्षी तो जर्मनीतील वायमार या लहानशा संस्थानात दरबारी संगीतप्रमुख म्हणून स्थिरावला. गटे आणि शिलर यांचे हे गाव, आणि तरुण बाखनेही येथे ऑर्गनवादकाची चाकरी केलेली. १८५० हे तर बाखच्या मृत्यूचे शंभरावे वर्ष. त्याच वर्षी लायप्झिगला त्याच्या समग्र रचना छापण्यासाठी संस्था स्थापन झाली. बाखच्या सहा ऑर्गन रचना पियानोवर उतरविण्याचे काम लिस्टनेही या सुमाराच्या वर्षांत केले. बाख आणि पॅरिसचा ऑपेरा या दोन परस्परविरुद्ध जगांत त्याचे मन एकाच वेळी वावरत होते. 'ल प्रोफेत' मधील प्रसंगांवर त्याने तीन पियानो-रचना केल्या होत्या. १८५० साली त्याच मालिकेत चौथी म्हणून ही फँटसी लिहिली गेली आणि १८५२ साली लायप्झिगच्या ब्राइटकोप्फ उंड हेर्टल या प्रकाशकाने ती प्रसिद्ध केली. ऑर्गनसाठी किंवा पायपट्टी जोडलेल्या पियानोसाठी असे तिचे स्वरूप होते. अर्पण मायरबेअरलाच होते.

या अर्पणाकडे थोडे थांबून पाहावे असे मला वाटते. याच १८५० च्या ऑगस्टमध्ये लिस्टने वायमारला रिशार्ट वाग्नरचा 'लोहेनग्रीन' प्रथम रंगभूमीवर आणला. वाग्नर तेव्हा राजकीय फरारी होता, जर्मनीत पाऊल टाकण्याची त्याला सोय नव्हती. लिस्टने हे धाडस केले नसते तर त्या ऑपेराला आणखी किती काळ वाट पाहावी लागली असती कोण जाणे. आणि दुसऱ्याच महिन्यात वाग्नरने टोपणनावाने एक लेख छापला. संगीतातील ज्यू लोकांवर त्यात विखारी हल्ला होता, आणि नाव न घेता ज्याच्यावर बाण रोखला होता तो मायरबेअर. याच मायरबेअरने पूर्वी वाग्नरच्या ऑपेरांसाठी ड्रेस्डेन व बर्लिन येथे शब्द टाकला होता. पुढे १८६९ साली वाग्नरने तो लेख उघडपणे स्वतःच्या नावावर पुन्हा छापला. त्या विखाराची फळे विसाव्या शतकात दिसली. १९३३ नंतर जर्मनीत मायरबेअरचे संगीत रंगभूमीवरून हद्दपार झाले, आणि अर्धे युरोप ज्याच्यासाठी तिकिटांच्या रांगेत उभे राही त्याचे नाव पुढे जाणकारांपुरते उरले. लिस्ट वाग्नरचा मित्र होता आणि शेवटपर्यंत त्याचा पाठीराखा राहिला. तरीही मायरबेअरचे ऋण त्याने नाव घेऊन, पहिल्याच पानावर, मान्य केले. संगीताच्या इतिहासात औदार्याचे असे प्रसंग फार नाहीत.

आता 'उसनी' या शब्दाविषयी. दुसऱ्याची चाल घेऊन रचना करणे म्हणजे काही कमीपणा, ही समजूत आपल्याकडे असण्याचे कारण नाही. 'स्वयंवर' नाटकासाठी १९१६ साली भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींवरून पदांच्या चाली बांधल्या, आणि बंदिशी ज्यांना ठाऊक नव्हत्या त्यांच्याही ओठांवर त्या बसल्या. फरक एवढाच की आपल्याकडे चाल बैठकीतून नाटकात गेली. येथे ती नाटकातून निघून चर्चच्या वाद्यात शिरली. सरकारी कचेरीत उमेद घालविणाऱ्या माझ्यासारख्यास या व्यवहाराची गंमत विशेष कळते. कोणा एकाने ओळभर टिपण लिहावे, दुसऱ्याने त्यावर दहा पानांचा मसुदा चढवावा, आणि अखेरीस मूळ टिपणात जे कोणाला दिसले नव्हते तेच प्रकरणाचे मर्म ठरावे. मात्र मसुद्याच्या कडेला मूळ टिपणकाराचे नाव राखण्याची सवय सर्वांनाच असते असे नाही.

रचना सुमारे अर्ध्या तासाची आहे. कोठेही न थांबता ती वाजते, परंतु तिचे तीन भाग कानाला स्पष्ट उमगतात. आपल्या ख्यालगायनाची सवय असलेल्या श्रोत्याला पहिल्या भागात चकवा बसण्याचा संभव आहे. ख्यालात बंदिशीची स्थायी आधी समोर ठेवतात, मुखडा मनात ठसतो आणि मग विस्तार सुरू होतो. लिस्ट याच्या उलट करतो. फँटसीच्या आरंभी तो मायरबेअरची सुरावट सबंध सांगतच नाही. तिच्या तोंडाचा एखादा तुकडा जड सुरांत येतो, तोच पुन्हा दुसऱ्या स्वरावरून, मग त्याच्या लयीची नुसती आठवण, मग त्याच्यावर वादळासारख्या ताना. एखादी व्यक्ती दाराआड बोलत असावी आणि आपणांस वाक्यांचे तुटक शेवट तेवढे ऐकू यावेत, तशी ही दहाबारा मिनिटे जातात. पॅरिसचा प्रेक्षक मूळ चाल ओळखून होता, म्हणून त्याला हे कोडे वाटले नसेल. आपण ऑपेरा पाहिलेला नाही. म्हणून माझी सूचना अशी, की प्रथम ऑपेरातील ते तिघांचे गीत एकदोनदा ऐकावे आणि मग या रचनेकडे वळावे.

हा पहिला भाग सर्वत्र सारख्याच तोलाचा आहे असे मी म्हणणार नाही. तुतारीच्या ललकाऱ्या आणि सबंध वाद्याचा गडगडाट यांची काही ठिकाणी पुनरुक्ती होते. जलशातला जुना लिस्ट तेथे डोकावतो. टीकाकारांनी त्यावर बोट ठेवले आहे आणि ते अगदीच निराधार नाही. पण ऑर्गनच्या स्वभावाचा विचार केला म्हणजे या गडगडाटामागील अडचणही कळते. पियानोचा सूर बोटाच्या जोराने लहानमोठा होतो आणि उमटताच विरू लागतो. ऑर्गनचा सूर पट्टी दाबली असेपर्यंत जसाच्या तसा उभा राहतो आणि बोट हळू दाबले काय की जोरात, त्याला त्याची दाद नसते. मींड तर नाहीच. हातपेटीवर हाच आक्षेप घेऊन १९४० साली नभोवाणीने तिला दूर सारले होते आणि ती पुन्हा परत यावयास तीसएक वर्षे लागली, हे श्रोत्यांपैकी वडीलधाऱ्यांना स्मरत असेल. अशा निश्चल सुरांच्या वाद्यातून भावनेची भरती-ओहोटी निर्माण करावयाची तर खुंट्या वाढविणे आणि कमी करणे, पट्ट्या बदलणे, सुरांची गर्दी करणे आणि ती एकाएकी पांगविणे, एवढीच साधने राहतात. लिस्ट ही सर्व साधने पणास लावतो.

मग तो गडगडाट ओसरतो. एकच एकाकी ओळ उरते, पाठीमागे काही नाही, कोणी स्वतःशी बोलावे तशी. येथून दुसरा भाग, 'अदाजिओ', सुरू होतो आणि या भागासाठीच मी ही रचना पुन्हा पुन्हा ऐकतो. येथे ती सुरावट प्रथमच सबंध येते, अगदी हलक्या नळ्यांवर, जवळजवळ श्वासासारखी. आणि येथे लिस्टने एक विलक्षण गोष्ट केली आहे. रचना सुरू झाली ती पांढरी एकच्या षड्जावर, कोमल स्वरांच्या छायेत. अदाजिओचा षड्ज आहे काळी तीन. म्हणजे मूळ षड्जाचा तीव्र मध्यम हाच नवा षड्ज झाला. सप्तकात षड्जापासून याहून दूर जाताच येत नाही. यापुढचे प्रत्येक पाऊल परतीचे ठरते. शिवाय कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार आला आहे. स्वरांची चढउतार ओळखीची, पण उजेड दुसऱ्याच जगातला. ऑपेरात हेच स्वर ढोंग्यांच्या तोंडी होते, माणसांना जाळ्यात ओढण्यासाठी योजलेले. येथे ढोंगी नाहीत, शब्द नाहीत, जमाव नाही. मुखवटा गळून पडतो आणि आश्चर्य हे, की मुखवट्यामागे खरीच प्रार्थना निघते. मायरबेअरला हे अभिप्रेत नसावे. पण त्याच्या सुरावटीत ही शक्यता मुळात नसती तर लिस्टला ती बाहेर काढता आली नसती, आणि म्हणून या भागाचे श्रेय दोघांत वाटून द्यावे असे मला वाटते.

ही शांतता एका तडाख्याने मोडते. वीज कडाडावी तशा ताना हातांच्या पट्ट्यांवरून उतरतात, पायही तितक्याच वेगाने धावू लागतात, आणि त्या धुमाळीतून फ्यूग उभी राहते. फ्यूग म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. एक लहान सुरावट एका आवाजात एकटी येते. ती संपते न संपते तोच दुसरा आवाज तीच सुरावट पंचमावरून उचलतो, पहिला थांबत नाही, त्याला जोडीदार होऊन चालत राहतो. मग तिसरा, मग चौथा. सवालजबाबात एक बोलताना दुसरा गप्प असतो. येथे सारे एकदम बोलतात आणि तरी प्रत्येकाचे म्हणणे वेगळे ऐकू येते. या प्रकारात बाखच्या हातचे काम म्हणजे शेवटचा शब्द. लिस्टने मायरबेअरच्या सुरावटीला येथे ठेचत, उड्या घेत जाणारी तीक्ष्ण लय दिली आहे. ज्या चालीने जड पावलांनी हाक दिली होती, जी मघाशी प्रार्थना झाली होती, तीच आता लढाईस निघाल्यासारखी वाटते. आवाज क्रमाने आत येतात, काही काळ फ्यूगचा कायदा काटेकोर पाळला जातो, आणि मग लिस्टचा धीर सुटतो. कायदा बाजूस ठेवून तो पुन्हा फँटसीच्या वाटेने धावतो. पंडितांनी यावर नाक मुरडले. मला यात दोष दिसत नाही. बाखचे अनुकरण करणे सोपे होते. बाखच्या घरातून निघून आपल्या घरी जाणे अवघड होते. अखेरच्या पानांत सर्व खुंट्या ओढलेल्या असतात, षड्ज पुन्हा पांढरी एक, पण आता गंधार शुद्ध. सुरावट सबंध येते, संथ, सबंध वाद्यातून.

एकाच सुरावटीला न मोडता तिचा स्वभाव पालटत नेणे आणि त्या पालटांतूनच अर्ध्या तासाची अखंड इमारत उभारणे, ही या रचनेतील खरी नवी गोष्ट. लिस्टचा पियानोसाठीचा प्रसिद्ध सोनाटा १८५३ साली पुरा झाला. त्यातही हीच युक्ती आहे. पियानोचा राजा हा धडा आधी ऑर्गनवर गिरवून मग आपल्या वाद्याकडे गेला, हा क्रम मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

२६ सप्टेंबर १८५५ रोजी मर्सेबुर्ग येथील कॅथीड्रलमध्ये फ्रीडरिश लाडेगास्ट या कारागिराने बांधलेल्या ऑर्गनचे उद्घाटन झाले. चार स्वरपट्ट्या, एक्क्याऐंशी संच आणि साडेपाच हजारांहून अधिक नळ्या. त्या काळच्या जर्मनीत याहून भव्य वाद्ये फारशी नव्हती. त्या दिवशी ही फँटसी वाजविली ती लिस्टच्या शिष्याने, आलेक्झांडर विंटरबेर्गरने. त्याचे वय होते एकवीस. एवढ्या लांबीची, इतक्या कठीण पायकामाची रचना नव्याकोऱ्या वाद्यावर पेलण्याचे त्या तरुणाचे धैर्य मोठेच म्हटले पाहिजे. या समारंभासाठी लिस्ट बाखच्या नावातील अक्षरांवरून नवीन रचना करीत होता, पण ती वेळेवर पुरी झाली नाही. पुढच्या वर्षी ती तेथेच वाजली.

लिस्टच्या शिष्यांपैकी दुसरा एक होता यूलियुस रॉयब्के, ऑर्गन बांधणाऱ्याचा मुलगा. गुरूच्या या फँटसीचा ठसा घेऊन त्याने चौऱ्याण्णवाव्या स्तोत्रावर ऑर्गनचा सोनाटा लिहिला आणि १८५७ च्या जूनमध्ये मर्सेबुर्गच्या त्याच ऑर्गनवर स्वतः वाजविला. पुढच्या वर्षी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो वारला. पण तो सोनाटा ऑर्गनवादकांच्या बैठकीत आजही फँटसीच्या शेजारी मानाने बसतो. खुद्द फँटसी १८९७ साली बुसोनीने पियानोवर उतरविली. १९३० साली फ्रान्सच्या मार्सेल द्युप्रेने तिला वाद्यवृंदाची जोड दिली. म्हणजे उसन्या सुरावटीवरची रचना पुन्हा दोघांनी उसनी घेतली. मर्सेबुर्गचे वाद्य दुरुस्त होऊन आजही वाजते, आणि त्यावर वाजविलेली ही फँटसी ध्वनिमुद्रिकांवर मिळते. ती घरी ऐकणाऱ्यांस एकच सांगावेसे वाटते. आरंभीच्या गडगडाटाला घाबरून आवाज कमी केला तर अदाजिओतल्या त्या हलक्या नळ्या ऐकूच येणार नाहीत. तेव्हा शेजाऱ्यांची क्षमा आधीच मागून ठेवावी.